शिकारीची कस्टम रायफल: अचूकतेसाठी पैसा आणि मेहनत आधी कुठे लावावी?

डोंगरवाट

हातात रेमिंग्टन ७०० शॉर्ट अ‍ॅक्शन आहे, .३०८ विन्चेस्टर. (अ‍ॅक्शन म्हणजे मधला पोलादी सांगाडा, ज्यात चेंबर बंद करणारा बोल्ट सरकतो.) मूळ बॅरल संपलंय. बोअरस्कोपमधून पाहिलं तर चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढे भेगांचं जाळं आणि नळीतल्या पिळाच्या सुरुवातीच्या कडा गोल झालेल्या दिसतात. कुंदा कारखान्यातलाच, अक्रोडाचा, पिलर नाहीत. अ‍ॅक्शनला बाकी काही झालेलं नाही.

हवं ते असं: ३०० मीटरपर्यंत हरणाच्या आकाराच्या जनावरावर निःशंकपणे गोळी टाकता यावी, स्कोपसकट वजन ३.८ किलोच्या वर जाऊ नये, पावसापाण्यात झीरो (स्कोपचा नेम आणि गोळी यांचा जुळवलेला मेळ) हलू नये. बॅरल बसवणं आणि चेंबर कापणं परवानाधारक गनस्मिथकडेच होईल, परवान्यावरच्या नोंदींसह. बेडिंग (अ‍ॅक्शनला कुंद्यात एपॉक्सीची नेमकी बैठक करणं) आणि स्कोप बसवणं घरी करायचा विचार आहे.

यादी केली तर मॅच ग्रेड बॅरल, अ‍ॅक्शन ट्रूइंग (तिची तोंडं आणि आटे एका रेषेत, काटकोनात आणणं), नवा ट्रिगर, सिंथेटिक कुंदा, नवा स्कोप असं सगळंच येतं आणि सगळं एका दमात परवडणार नाही. जाणकारांनी क्रम लावून द्यावा. शिवाय दोन उपप्रश्न: पीळ १० इंचात एक फेरा घ्यावा की १२? आणि फ्लूटिंग (बॅरलच्या बाहेरून लांब खाचा पाडणं) करून घेण्यात अर्थ आहे का?

---

लेथवाला

क्रम असा: बॅरल आणि ते बसवणाऱ्याचा हात, मग बेडिंग, मग स्कोपचे माउंट (स्कोप नव्हे, त्याला धरणारे बेस आणि रिंग), मग काडतूस. ट्रिगर त्यानंतर. ट्रूइंग बॅरलसोबत ओघाने होत असेल तर करून घ्या, त्यासाठी वेगळं बजेट काढू नका. सिंथेटिक कुंदा सगळ्यात शेवटी.

आता बॅरलविषयी सविस्तर, कारण पैशाचा मोठा वाटा तिथेच जाणार आहे.

चांगलं बॅरल म्हणजे आतला व्यास आणि पिळाची गती टोकापासून टोकापर्यंत सारखी, आतून हाताने लॅप केलेलं (बारीक पेस्टने घासून गुळगुळीत केलेलं) आणि धातूत ताण न उरलेलं. हा शेवटचा मुद्दा शिकारीच्या रायफलीत सर्वांत महत्त्वाचा, कारण तुमचं बॅरल बारीक असणार. ताण उरलेलं बॅरल गरम झालं की हळूहळू वाकतं आणि गोळ्या एका दिशेला सरकत जातात. आतला पीळ पाडायच्या (रायफलिंगच्या) पद्धतीनुसार हा धोका कमीजास्त असतो. एका कटरने थर थर काढत केलेल्या कट रायफलिंगमध्ये नवा ताण फारसा येत नाही. बटण ओढून केलेल्या बॅरलमध्ये धातू दाबला जातो, म्हणून ते नंतर भट्टीत ताणमुक्त केलेलं असायलाच हवं. दोन्ही पद्धतींची उत्तम बॅरलं मिळतात. मागवताना ‘ताणमुक्त केलंय का आणि बाहेरचा आकार कधी कातला’ एवढं विचारा. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

पोलाद ४१४० क्रोम-मॉली घ्या किंवा ४१६आर स्टेनलेस, अचूकतेत सांगण्याजोगा फरक नाही. फक्त स्टेनलेस म्हणजे गंजत नाही असं समजू नका. ४१६ प्रकारात कातकामासाठी गंधक घातलेलं असतं, पावसात भिजवून तसंच ठेवलं तर त्यालाही गंज चढतो.

पीळ: १२ चा विचार सोडा, १० घ्या. पीळ गोळीच्या लांबीवर ठरतो, वजनावर नाही. १८७९ सालचं ग्रीनहिलचं सूत्र आजही अंदाजासाठी पुरतं: १५० गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले गोळीची लांबी, सगळं इंचात. .३०८ साठी भागण्याआधीचा आकडा १४.२ येतो. सव्वा इंच लांबीच्या शिसं भरलेल्या गोळीला ११.४ इंचाचा पीळ चालतो. तेवढ्याच लांबीची अख्खी तांब्याची गोळी घेतली तर तांबं हलकं असल्यामुळे हा आकडा साधारण १०.३ वर उतरतो. आज शिशाच्या गोळ्यांवर कुठे ना कुठे बंदी येत असताना १२ चं बॅरल घेणं म्हणजे पुढची वाट बंद करून ठेवणं. त्यात थंड हवा दाट असते आणि दाट हवेत गोळीची स्थिरता कमी होते. उन्हाळ्यात काठावर पास होणारी जोडी हिवाळ्यात नापास होऊ शकते.

पिळाची निवड चुकली की काय होतं याचं जुनं उदाहरण .२४४ रेमिंग्टन. १९५५ साली ते आलं तेव्हा रायफलीला १२ चा पीळ दिला होता, त्याच वर्षीच्या .२४३ विन्चेस्टरला १०. काडतूस म्हणून .२४४ काकणभर सरस, पण हरणासाठी लोकांना हव्या असलेल्या १०० ग्रेनच्या (सुमारे ६.५ ग्रॅमच्या) लांब गोळ्या त्यात भरवशाने चालायच्या नाहीत. १९६३ मध्ये तेच काडतूस ९ च्या पिळासह ‘६ मिमी रेमिंग्टन’ म्हणून पुन्हा आणलं, तोवर बाजार .२४३ ने खाल्ला होता.

लांबी २२ इंच ठेवा. नळीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो आणि लांबीच्या तिसऱ्या घाताने घटतो. त्याच जाडीचं बॅरल २६ ऐवजी २२ इंच घेतलं तर ते सुमारे ६५ टक्के जास्त ताठ होतं. त्याची किंमत म्हणजे .३०८ मध्ये सेकंदाला २५-३० मीटर वेग. ३०० मीटरपर्यंत तेवढ्याने जनावराला काही फरक पडत नाही.

फ्लूटिंग नको. खाचा पाडल्याने बॅरल ताठ होतं हा गैरसमज आहे. धातू काढला की ताठपणा कमीच होतो. समान वजनाच्या दोन बॅरलांत जाड-खाचांचं बॅरल बारीक-साध्या बॅरलापेक्षा ताठ, एवढंच खरं. आणि बटण रायफलिंगच्या बॅरलावर नंतर खाचा पाडल्या तर आतला व्यास त्या भागात किंचित मोकळा होऊ शकतो. खर्च करून दुखणं विकत घेण्यासारखं.

गनस्मिथशी बोलताना तीन गोष्टी पक्क्या करा. पहिली, चेंबर कापताना बॅरल बाहेरच्या व्यासावर नाही तर आतल्या छिद्रावर डायल लावून मध्यात आणलं जाईल. छिद्र आणि बाहेरचा व्यास क्वचितच एककेंद्री असतात. दुसरी, रीमर (चेंबर कापायचं हत्यार) सामी या अमेरिकी मानक संस्थेच्या प्रमाणित मापाचा असेल. स्पर्धेच्या रायफलीसारखा आवळ मानेचा चेंबर शिकारीत नको, काडतुसावर वाळूचे चार कण बसले तरी बोल्ट मिटत नाही. घसाही (चेंबर आणि पीळ यांमधला मोकळा भाग) लांब कापायचा नाही. तुमच्या मॅगझिनमध्ये साधारण ७२ मिमी लांबीचंच काडतूस बसतं, मग लांब घसा भरायला लांब काडतूस घालणार कुठे? गोळी पिळापर्यंत उगाच लांब उडी मारेल. तिसरी, हेडस्पेस (बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा) गो आणि नो-गो गेजवर तुमच्यासमोर तपासून दाखवला जाईल. सीआयपी (शस्त्रचाचणीचा आंतरराष्ट्रीय करार) पाळणाऱ्या देशांत बॅरल बदलल्यावर प्रूफ चाचणी (जास्त दाबाची सुरक्षा चाचणी) पुन्हा करून घेणं बंधनकारक आहे, तिथे राहत असाल तर तो वेळ धरून चाला.

आणि क्राऊन. गोळी शेवटची जिथे धातूला स्पर्श करते ती कड. ११ अंशाचा किंवा आत दबलेला, दोन्ही चालतात, कड मात्र सर्व बाजूंनी सारखी हवी. कापसाची काडी नळीच्या तोंडातून आतून बाहेर ओढत गोल फिरवा. जिथे तंतू अडकतात तिथे बारीक बर (धातूची वर उठलेली कड) आहे.

---

सव्वापाव

लेथवाला यांच्याशी बाकी सहमत, ट्रूइंगबाबत नाही. ७०० ची अ‍ॅक्शन गोल पोलादातून कातलेली असते आणि कारखान्याच्या घाईत तिचं तोंड आट्यांशी काटकोनात असेलच असं नाही. बोल्टच्या दोन लगपैकी (बोल्ट अडकवणाऱ्या दातांपैकी) एकच टेकत असेल तर गोळी सुटताना बोल्ट एका बाजूला ढकलला जातो. ७०० मध्ये तर ट्रिगरचा सिअर (आघात करणारी पिन अडवून धरणारा तुकडा) कॉक केलेल्या बोल्टचं मागचं टोक वर उचलतो, त्यामुळे वरचा लग आधीच सुटायच्या बेतात. महागडं बॅरल वाकड्या तोंडावर घट्ट करून काय मिळवणार?

---

लेथवाला

मुद्दा मान्य, प्रमाण अमान्य. तोंड काटकोनात घेणं हे बॅरल बसवण्याच्या कामाचाच भाग आहे, मँड्रेलवर (लेथमध्ये धरायच्या नेमक्या दांड्यावर) अ‍ॅक्शन चढवली की दहा मिनिटांचं कातकाम. ७०० चा रिकॉइल लग (फैरीचा धक्का कुंद्यात पोचवणारा) बॅरल आणि अ‍ॅक्शन यांच्यामध्ये दाबलेला वेगळा वॉशर असतो, त्याच्या दोन बाजू समांतर नसतील तर सगळी मेहनत वाया. म्हणून सरफेस ग्राइंड केलेला जाडसर लग टाकून घ्या, तो फारसा महाग नसतो. बोल्टच्या लगना मार्करची शाई लावून बोल्ट काही वेळा उघडझाप करून पाहा. दोन्ही लगवरची शाई बऱ्यापैकी पुसली गेली असेल तर तिथेच थांबा.

आटे पुन्हा कापणं, बोल्टला बाही चढवणं, बोल्ट बॉडी बदलणं, हे बेंचरेस्टवाल्यांचं (रायफल टेबलावर टेकवून अचूकतेची स्पर्धा खेळणाऱ्यांचं) काम. त्यातून मिळणारा फरक बारीक बॅरलाच्या शिकारी रायफलीत दिसतसुद्धा नाही. आणि लॅपिंग पेस्ट लावून बोल्टचे लग घासत बसणाऱ्यांना एक इशारा: धातू जाईल तेवढा हेडस्पेस वाढतो. जुन्या माउझर ९८ वर तर हे अजिबात नको. तिथे कडकपणा फक्त वरच्या पातळ थरात असतो, तो घासून गेला की आतला मऊ धातू दाबाखाली मागे बसत जातो.

---

अक्रोडकुंदा

बेडिंग घरी करणार आहात तर इथे हात सैल सोडून लिहितो.

उद्देश एकच: अ‍ॅक्शन कुंद्यात प्रत्येक वेळी त्याच जागी, कुठलाही पीळ न पडता बसली पाहिजे आणि धक्का फक्त रिकॉइल लगच्या मागच्या बाजूने लाकडात गेला पाहिजे. स्क्रूने धक्का घ्यायचा नाही.

आधी पिलर. दोन्ही अ‍ॅक्शन स्क्रूंची भोकं रुंद करून अ‍ॅल्युमिनियमचे पिलर बसवा. लांबी अशी की वर अ‍ॅक्शन आणि खाली ट्रिगर गार्ड दोन्ही पिलरवर टेकतील, लाकूड दाबलं जाणार नाही. स्क्रू पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमी आहे, पिलरचं भोक ७ मिमी किंवा जास्त ठेवा. स्क्रू पिलरच्या भिंतीला घासत असेल तर लगचं काम स्क्रू करायला लागतो आणि झीरो भटकतो. पुढचं सगळं बरोबर करूनही रायफल वेड्यासारखी वागते त्यामागे बरेचदा एवढंच असतं.

लगच्या खाचेभोवती आणि चेंबरखालच्या भागात लाकूड २-३ मिमी खोल कोरा. त्याहून पातळ एपॉक्सी टिकत नाही, तुकडे उडतात. मागच्या टँगपाशी (अ‍ॅक्शनच्या निमुळत्या शेपटीपाशी) थोडंसं मूळ लाकूड ठेवा म्हणजे उंची बदलणार नाही. तासलेलं लाकूड कोरं आणि खरबरीत हवं, जुनं तेल मुरलेलं असेल तर अ‍ॅसिटोनने पुसून वाळवा, नाहीतर एपॉक्सी पकडणार नाही.

लगच्या पुढच्या बाजूला, दोन्ही कडांना आणि खालच्या बाजूला इलेक्ट्रिकल टेपचा एकेक थर लावा. मागच्या बाजूला टेप नाही. काम झाल्यावर टेप काढली की त्या सगळ्या बाजूंना बारीक फट राहते आणि लग फक्त मागे टेकतो. खालची टेप विसरलात तर लग तळाला टेकतो, अ‍ॅक्शन पुढून उचलल्यासारखी बसते आणि स्क्रू आवळला की वाकते.

मग माती. ट्रिगरची खाच, बोल्ट स्टॉपचं भोक, मॅगझिनची जागा, जिथे जिथे एपॉक्सी शिरून आत अडकेल ती प्रत्येक फट मुलांच्या खेळण्यातल्या क्लेने बुजवा. इथला आळस म्हणजे कुंदा करवतीने कापून अ‍ॅक्शन सोडवणं. त्यानंतर एपॉक्सी चिकटू नये म्हणून मेणाचं पॉलिश पातळ दोन हात, मधे वाळू देऊन. स्क्रूच्या आट्यांना, लगच्या मागच्या बाजूला, बॅरलला, अ‍ॅक्शनच्या बाजूंना, कुंद्याच्या बाहेरच्या कडांनाही.

एपॉक्सी पोलाद किंवा अ‍ॅल्युमिनियमची पूड असलेलं, सावकाश जमणारं घ्या. पाच मिनिटांत जमणारं नको. हळू हळू ढवळा, हवा भरू नका, आणि ओतताना लगच्या खाचेचा तळ सर्वात आधी काडीने भरा, बुडबुडा हमखास तिथेच राहतो. अ‍ॅक्शन दाबून बसवा, पण अ‍ॅक्शनचे स्क्रू आवळून नाही. डोकं कापलेले दोन लांब स्टड मार्गदर्शक म्हणून लावा आणि रबराच्या पट्टीने हलकेच बांधा. आवळून जमवलेलं बेडिंग म्हणजे ताण कायमचा ओतून ठेवणं. बॅरलला पुढच्या टोकाजवळ टेपचे वेढे देऊन खोबणीच्या मध्यात आणि योग्य उंचीवर टेकवा. कडेने वर आलेलं एपॉक्सी व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने लगेच पुसा. पुढचे २४ तास हात लावायचा नाही, खोली गार असेल तर जास्त.

सोडवताना रबरी हातोड्याने बॅरलवर वर-खाली हलक्या टिचक्या. कट्ट आवाज येऊन सुटतं. कडा तासा, बॅरलची खोबणी चेंबरच्या पुढच्या इंचभर भागानंतर सगळीकडून १.५ ते २ मिमी मोकळी करा. जाड कार्डाचा तुकडा सरकतो म्हणून समाधान मानू नका, फैरीच्या वेळी बारीक बॅरल त्याहून जास्त हलतं.

तपासणी: बॅरलवर डायल गेजचा स्टँड चिकटवा, टोक कुंद्याच्या पुढच्या भागावर टेकवा, पुढचा स्क्रू सोडा आणि आवळा. काटा ०.०५ मिमीच्या, म्हणजे दोन थाऊच्या (हजारांश इंचाच्या) आत हलला तर उत्तम. पाच-सहा थाऊ हलत असेल तर वरचा थर खरवडून पुन्हा करा.

टॉर्क: पिलर असताना ६५ इंच-पौंड, म्हणजे ७.३ न्यूटन-मीटर. तोवर, पिलर नसलेल्या कोऱ्या लाकडावर ४० च्या वर जाऊ नका, लाकूड चिरडतं. रायफल कुंद्यावर उभी धरून, लग मागे टेकला आहे याची खात्री करून, आधी पुढचा स्क्रू आणि मग मागचा.

---

मिलिरेडियन

स्कोपबद्दल कोणी बोललंच नाही, आणि ‘रायफल बिघडली’ म्हणून येणाऱ्या तक्रारींचं मूळ अनेकदा तिथेच असतं.

७०० च्या अ‍ॅक्शनवर बेसचे स्क्रू ६-४८ आकाराचे, म्हणजे बारीक. भोकं आणि स्क्रू अ‍ॅसिटोनने तेलमुक्त करा, निळं लॉकटाइट एक थेंब, २० ते २५ इंच-पौंड. पुढचा स्क्रू लांब पडून बॅरलच्या आट्यांना टेकत नाही ना ते पाहा. टेकत असेल तर स्क्रू घट्ट वाटतो आणि बेस सैलच राहतो. रिंगच्या टोप्यांचे स्क्रू १५ ते १८ इंच-पौंड, आलटून पालटून, दोन्ही बाजूंची फट समान ठेवत. ‘अजून थोडं’ म्हणून २५ पर्यंत आवळलं तर नळी चेपते आणि आतली भिंग-नळी अडखळायला लागते. क्लिक फिरवलं तरी गोळी सरकत नाही, मग दोन फैरींनंतर एकदम उडी मारते, हे त्याचं लक्षण.

दोन्ही रिंग एका रेषेत नसतील तर स्कोप वाकून बसतो. एकसंध बेस आणि चांगल्या रिंग घेतल्यात तर लॅपिंग लागत नाही. अलग अलग दोन बेस असतील तर तपासा.

पॅरलॅक्स (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसणं) दुरुस्त करणाऱ्या नॉबसाठी जास्तीचे पैसे आणि वजन नकोत. शिकारी स्कोप बहुधा १०० यार्ड किंवा मीटरला पक्का केलेला असतो. डोळा अगदी कडेला गेला तरी जास्तीत जास्त चूक किती? भिंगाच्या अर्ध्या व्यासाला, अंतरातल्या फरकाने गुणून, १०० ने भागायचं. ४० मिमी भिंगाला २०० मीटरवर २० मिमी, ३०० वर ४० मिमी. गाल कुंद्यावर नीट टेकवणाऱ्याची चूक याच्या अंशभर. त्यापेक्षा गालाची उंची जुळवा.

नवा घेण्याआधी तुमचा सध्याचा स्कोप ठीक आहे की नाही हे तपासा. ओळंब्याने उभी रेघ आखलेला उंच कागद १०० मीटरवर लावा, खालच्या बिंदूवर नेम धरून आधी झीरोवर तीन, मग १० मिलिरेडियन (कोनाचं माप) वर नेऊन तीन, परत झीरोवर तीन. वरचा गट बरोबर १००० मिमी वर आणि रेघेवर हवा, शेवटचे तीन पहिल्या तिनांत मिसळायला हवेत. शिकारीसाठी यातलं परत येणं सर्वांत महत्त्वाचं.

---

डोंगरवाट

सगळ्यांचे आभार, फारच कामाचं. आता तीन शंका. अक्रोड पावसात फुगेल या भीतीने सिंथेटिक घ्यावा का, की हाच सावरता येईल? ट्रिगर किती हलका करावा? आणि हे सगळं झाल्यावर ते जमलं की नाही हे कसं ठरवायचं, तीन गोळ्यांचा एक इंची गट आला की झालं?

---

अक्रोडकुंदा

कुंदा सावरता येतो. लाकूड पाणी पितं ते न रंगवलेल्या जागांतून: बॅरलची खोबणी, मॅगझिनच्या भिंती, मागच्या रबरी पॅडखालचा आडवा काप. शेवटची जागा हमखास विसरली जाते आणि आडव्या तंतूंमधून तिथेच पाणी सर्वांत वेगाने शिरतं. पॅड काढून पातळ केलेलं एपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन मुरेपर्यंत लावा, खोबणीतही. पिलर, बेडिंग आणि २ मिमी मोकळी खोबणी असेल तर पुढचं टोक जरासं वाकलं तरी बॅरलला शिवणार नाही. वजन मात्र सिंथेटिकने कमी होऊ शकतं. ३.८ किलोत बसत नसेल तरच विचार करा, आणि स्वस्तातला मऊ प्लॅस्टिकचा घेऊ नका. बायपॉडवर भार दिला की तो वाकून बॅरलला टेकतो.

---

थंडनळी

तीन गोळ्यांच्या गटाने कोणी काही सिद्ध करू नये. विखुरणं नेहमीच्या नियमाने होतं असं धरलं तर तीन गोळ्यांच्या गटाची सरासरी रुंदी मूळ विचलनाच्या २.४१ पट, पाचांची ३.०७ आणि दहांची ३.८१ पट येते. म्हणजे जी रायफल दहा गोळ्यांत १.५ एमओए (मिनिट ऑफ अँगल, अंशाचा साठावा भाग) मारते तीच तीन गोळ्यांत सरासरी ०.९५ दाखवते. त्यातले छोटे गट निवडून फोटो टाकले की अर्ध्या एमओएची रायफल तयार.

१.५ एमओए ऐकून नाक मुरडू नका. १०० मीटरला एक एमओए २९ मिमी, म्हणजे ३०० मीटरवर दहा गोळ्यांचा गट साधारण १३ सेंटीमीटर. हरणाच्या छातीतला मर्माचा भाग सुमारे २० सेंटीमीटर धरतात. खरी अडचण गटाचा आकार नसते, गटाचा मध्य आज इथे आणि पुढच्या महिन्यात तिथे, ही असते.

म्हणून शिकारीच्या रायफलीची परीक्षा थंड बॅरलच्या पहिल्या गोळीवर घ्या. एकच कागद जपून ठेवा. रेंजवर गेलात की आधी त्या कागदावर एक गोळी, मग बाकीचा सराव दुसऱ्या कागदावर. दहा वेगवेगळ्या दिवसांच्या दहा गोळ्या, थोड्या गारठ्यात, थोड्या उन्हात, कधी रायफल गाडीत हादरून आल्यावर. त्या दहांचा जो गट दिसतो तीच तुमची अचूकता, बाकी करमणूक.

हा कागद बॅरल ज्या अवस्थेत शिकारीला जातं त्याच अवस्थेत मारायचा. साफ करून तेल लावलेल्या नळीतून पहिली गोळी अनेकदा वेगळीकडे जाते. कोरडा बोळा फिरवून, दोन-तीन गोळ्या टाकून, मग तशीच ठेवा. दमट हवेत एवढ्यावर फार दिवस ठेवू नका. रॉड नेहमी चेंबरकडून, बोअर गाइड लावूनच घाला, तोंडाकडून घातलेला रॉड क्राऊन खातो.

बारीक बॅरलमधून सलग तीनच फैरी, मग बोल्ट उघडा ठेवून हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं. टेकू कुंद्याखाली, बॅरलखाली कधीच नाही. पट्ट्याची कडी वाळूच्या पिशवीवर आपटत नाही ना तेही पाहा.

कागदावरची खूण काय सांगते, ते थोडक्यात. गोळ्या गरम होताना एकाच दिशेला चालत जातात: बॅरलमध्ये ताण किंवा कुंद्याचा स्पर्श. दोन स्वच्छ वेगळे गट: बेडिंगमध्ये अ‍ॅक्शनला दोन जागा सापडल्यात, किंवा बेस सैल. कागदाची भोकं लांबट: गोळी स्थिर नाही, पीळ कमी पडतोय. सगळीकडे सारखं विखुरणं: आधी दुसरं काडतूस करून पाहा, मग क्राऊन. कुंद्यातून काढून परत बसवल्यावर मध्य सरकतो: बेडिंग.

काडतुसांत शिकारीत वापरायची आहे त्याच प्रकारच्या तीन-चार वेगळ्या गोळ्यांचे खोके घ्या, प्रत्येकाच्या दहा मारा, जे जमतं ते एकाच लॉट नंबरचं साठवा. मॅच काडतुसावर रायफल जोखून शिकारीला दुसरंच घेऊन जाण्यात काही अर्थ नाही.

---

लेथवाला

ट्रिगरचं राहिलं. १.२ ते १.४ किलो, ओढताना सरपटणं नको. बोटं थंडीने बधिर असताना, हातमोजा असताना सहाशे ग्रॅमचा ट्रिगर धोकादायक असतो. तो हलका केल्याने रायफल अचूक होत नाही, नेम बिघडवायची संधी फक्त कमी होते. मूळ ट्रिगर यात स्वच्छ सुटत असेल तर नवा घेऊच नका. सिअरवर कानस चालवायची नाही, ज्याला समायोजनाचे स्क्रू नाहीत तो बदला.

बदल केला की चेंबर रिकामं आहे हे डोळ्याने आणि बोटाने पाहून तपासा. कॉक करून सेफ्टी लावा, चाप जोरात ओढा, सोडा, आता चापाला बोट न लावता सेफ्टी काढा. सुटलं तर नापास. बोल्ट दहा वेळा जोरात मिटवा. कॉक केलेल्या अवस्थेत, सेफ्टी काढून, कुंद्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना रबरी हातोड्याने ठोका. एकदाही सुटलं तर गनस्मिथकडे.

आणि सगळं आवळून झाल्यावर प्रत्येक अ‍ॅक्शन स्क्रू, बेस आणि रिंगच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर जाईल अशी नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. झीरो हलल्याची शंका आली की टॉर्क रेंच शोधण्याआधी रेघ तुटलीय का ते बघायचं.

---

डोंगरवाट

ठरलं तर: कट रायफलिंगचं २२ इंची बॅरल, १० चा पीळ, खाचा नाहीत, ग्राइंड केलेला लग आणि अ‍ॅक्शनचं तोंड बसवतानाच. कुंदा हाच, पिलर टाकून. स्कोपची १० मिलिरेडियनची चाचणी जुन्या बॅरलवरच उरकून घेतो, विखुरणं जास्त असलं तरी तीनऐवजी पाच-पाच मारले की मध्य कळेल ना?

---

मिलिरेडियन

कळेल, फक्त पाच नको, दहा-दहा मारा. घसा गेलेल्या बॅरलवर पाचांचा मध्यसुद्धा एखाद-दोन सेंटीमीटर इकडेतिकडे होतो आणि तेवढ्यावरून स्कोपला दोष द्याल.